बॅटरी उतरली, बोटे गेली

गेल्या वर्षी रब्बीच्या मशागतीच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना उघडून बसलो होतो. एक जीप दारात थांबली आणि चौघांनी तिशीतल्या एका शेतकऱ्याला धरून आत आणले. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल रक्ताने भिजलेला, जखमेवर मूठभर हळद दाबलेली. मागून त्याचा चुलत भाऊ थर्मास घेऊन धावत आला. थर्मासात बर्फ आणि बर्फात तुटलेली दोन बोटे!

बिचाऱ्यांनी आपल्या परीने चांगलेच केले होते. पण उघडी बोटे थेट बर्फात राहून पांढरी फटक पडली होती. रक्तस्राव थांबवून मी रुग्णाला तातडीने शहरात पाठवले. तेथील सर्जनना ती बोटे जोडता आली नाहीत.

नंतर पट्टी बदलायला आला तेव्हा मी विचारले, "झालं तरी कसं?" तो म्हणाला, "डॉक्टर, रोटाव्हेटरमध्ये पाचट आन् ठिबकची जुनी नळी गुंडाळली होती. ती काढाय उतरलो. पुतण्या मडगार्डवर बसला होता. त्याचा धक्का लिव्हरला लागला."

"मग इंजिन बंद का नाही केलंस?"

"बॅटरी उतरली होती. बंद केलं असतं तर धक्का माराय चार माणसं कुठनं आणू?"

वाचकहो, बोटे रोटाव्हेटरने तोडली खरी. पण अपघाताची सुरुवात बॅटरीपासून झाली. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता ट्रॅक्टरविषयी लिहितो आहे.

उतरण्यापूर्वी

नियम एकच आहे. पी.टी.ओ. बंद करा, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा, ब्रेक लावा, इंजिन पूर्ण बंद करा आणि चावी खिशात टाका. फिरणारी पाती थांबली हे डोळ्यांनी पाहा, मगच मागे जा. पाचट हाताने न ओढता कोयत्याने किंवा आकडीने काढा. "दोनच मिनिटांचं काम आहे" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यातले बरेच जण टाके घालून घ्यायला आलेले होते.

ट्रॅक्टर आणि अवजार यांना जोडणारा पी.टी.ओ. शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचे टोक, साडीचा पदर, ओढणी किंवा सुटलेली बाही त्यात अडकली, तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. कापडाबरोबर माणूस गुंडाळला जातो. म्हणून शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर तुटले असेल तर तसेच चालवू नका. चालू शाफ्ट कधीही ओलांडू नका.

ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, ती चालवणाऱ्याची. मडगार्ड हे नातवंडांना फिरवायचे आसन नव्हे. तेथून घसरलेले मूल मागच्या चाकाखाली किंवा थेट रोटाव्हेटरपुढे पडते.

बांधाच्या किंवा नाल्याच्या कडेला चाक घालू नका. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर जोर लावून काढताना तो पुढून उचलला जाऊन दीड-दोन सेकंदांत मागे उलटू शकतो. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही. चालकाभोवतीची मजबूत लोखंडी चौकट अशा वेळी जीव वाचवते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि पुढे तेथे उलटून होणारे मृत्यू फारच कमी झाले. चौकट असेल तर पट्टाही बांधा. उन्हासाठी लावलेले पातळ छत म्हणजे ही चौकट नव्हे.

देखभाल करताना

बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ ठेवा आणि पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घाला. चार्जिंग होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. ॲसिड डोळ्यात उडाले तर किमान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा.

रेडिएटर तापलेला असताना झाकण उघडू नका, चेहरा भाजतो. पाती बदलताना रोटाव्हेटर केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर उचलून खाली शिरू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या.

हायड्रॉलिकच्या पाइपची गळती बोट फिरवून शोधू नका. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते, दुखतही नाही. पण आत तेल पसरते आणि वेळेत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठ्याने तपासा.

अपघात झालाच तर

प्रथम इंजिन बंद करा. हात किंवा पाय पात्यात अडकला असेल तर ओढू नका आणि पाती उलटी फिरवू नका. १०८ ला फोन करा आणि अवजार सोडवण्यासाठी मिस्त्रीला बोलवा.

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू, माती, रॉकेल यांपैकी काहीही लावू नका. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा आणि काडी घालून पिळा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. ती मधे सैल करू नका. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागते.

तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बर्फाचा थेट स्पर्श नको. अशा रीतीने थंड ठेवलेले बोट सुमारे बारा तासांपर्यंत जोडण्याचा प्रयत्न करता येतो. पूर्ण हात किंवा पाय असेल तर सहा तासांच्या आत पोहोचायला हवे.

शेतातल्या मातीच्या जखमेत धनुर्वाताचा धोका मोठा. शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावे लागते. पूर्वी कधीच घेतले नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. वेगळे इंजेक्शनही लागते.

परवा तो शेतकरी मुलाचा ताप दाखवायला आला होता. उरलेल्या तीन बोटांनी त्याने सदऱ्याच्या खिशातून पैसे काढले, तेव्हा ट्रॅक्टरची चावी टेबलावर पडली. "नवी बॅटरी घातली, डॉक्टर," तो म्हणाला. पुढे दोघेही काही बोललो नाही.

तुमची बॅटरी एकदा चावी फिरवल्यावर इंजिन चालू करते का? उद्या सकाळी शेतावर निघण्यापूर्वी एवढे जरूर तपासा.