उकिरड्याचा पांग कधी फिटणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. मग आपलाच उकिरडा तोट्यात का?

हिशेब मांडू. चांगल्या कुजलेल्या १ टन शेणखतात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद व ५ किलो पालाश असते. म्हणजे ४ टन खतात युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीएवढे नत्र. अनुदानामुळे गोणी स्वस्त पडते. केवळ नत्रासाठी शेणखत विकत आणणे परवडत नाही, हे खरे. पण युरियात स्फुरद नाही, पालाश नाही आणि ओल धरून ठेवणारा सेंद्रिय भागही नाही. म्हणून घरचे खत विकू नका, वाया घालवू नका.

खरी गळती उकिरड्यावरच होते. उघड्या ढिगातले नत्र उन्हाने उडते, पावसाने वाहून जाते. शेणापेक्षा मूत्रात नत्र अधिक. ते तर गोठ्यातच मुरते.

उपाय घरच्या मेहनतीचा आहे. पाणी न साचणाऱ्या जागी १ मीटर खोल, २ मीटर रुंद खड्डा घ्या. गोठ्यात रात्री काडीकचरा अंथरा. मूत्राने भिजलेला तो सकाळी शेणासह खड्ड्यात टाका. खड्डा भरला की शेणमातीने लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. शेतात पसरल्यावर त्याच दिवशी कुळवाने मातीत मिसळा.

गोठा बहुधा घरची लक्ष्मीच झाडते. तेव्हा हा हिशेब तिच्यासह बसून मांडा.