गाडीचें ‘ॲव्हरेज’ बिनचूक कसें काढावें

बैलगाडीच्या काळांत बैलाला किती सरकी व किती कडबा लागतो, हें घरच्या माणसास अंदाजानें कळत असे. बैल थकला तर थांबे, आणि त्याच्या पोटाकडे पाहून वैरण कमीजास्त करतां येई. आतां दारीं पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या पोटांत काय जातें, हें नुसत्या नजरेनें कळत नाहीं. तें हिशेबानेंच ओळखावें लागतें. हिशेबाची रीत चुकली तर पैशाचें नुकसान होतें, आणि एखाद्या निरपराध माणसावर आळहि येतो. याविषयीं स्वतःचा अनुभव प्रथम सांगतों.

पिंप्राळ्याहून आमची पिकअप केळीं व भाजीपाला घेऊन भुसावळ, धुळें या बाजूंस जाते. एके वर्षीं वैशाखांत एका टाकीचा हिशेब केला, तों लिटरमागें साडेअकरा किलोमीटरहि पडले नाहींत. आधीच्या टाकीस तेरांवर पडले होते. मीं ड्रायव्हरास टोचून विचारलें, “मधलें डिझेल कोठें गेलें?” तो कांहीं बोलला नाहीं, दुसऱ्या दिवशीं किल्ली ओट्यावर ठेवून निघून गेला. पुढच्या दोन टाक्या मीं स्वतः गाडी चालविली. तेव्हांहि आंकडे तसेच खालींवर होऊं लागले! वहींतील चारहि नोंदी एकाखालीं एक मांडल्या, त्या अशा :

पहिली टाकी : २६८ किलोमीटर, २० लिटर, लिटरमागें १३.४
दुसरी टाकी : २६२ किलोमीटर, २३ लिटर, लिटरमागें ११.४
तिसरी टाकी : २७५ किलोमीटर, १९.५ लिटर, लिटरमागें १४.१
चौथी टाकी : २६५ किलोमीटर, २१.५ लिटर, लिटरमागें १२.३
एकूण : १,०७० किलोमीटर, ८४ लिटर, लिटरमागें १२.७

गाडी तीच, रस्ते तेच, मालहि जवळजवळ तितकाच. मग ११.४ आणि १४.१ यांत एवढें अंतर कां पडावें?

चुकीचें मूळ.— ‘टाकी फुल’ म्हणजे नेमकी किती भरली, हें दर वेळीं सारखें नसतें. टाकींतील डिझेल किंवा त्याचा फेंस नळीच्या टोकाशीं पोंचला कीं पंपाची नळी आपोआप बंद होते. डिझेलला फेंस फार येतो. नळी जोरानें सोडली, गाडी एका अंगास कललेली असली, किंवा टाकींत हवा कोंडून राहिली, तर टाकी पुरी भरण्यापूर्वींच नळी बंद पडते. अशानें एक-दीड लिटराचा फरक सहज पडतो. एका खेपेस जें कमी बसतें, तें पुढच्या खेपेस जास्त बसतें. पहिल्या टाकीस डिझेल कमी बसलें म्हणून आंकडा फुगला, व तीच तूट दुसऱ्या टाकीच्या माथीं येऊन ड्रायव्हर चोर ठरला.

यावरील उपाय सोपा आहे. मधल्या सर्व टाक्यांच्या चुका बेरजेंत एकमेकींस खाऊन टाकतात. शिल्लक राहते ती फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्यांतील चूक. दीड लिटराची चूक २० लिटरांवर शेंकडा साडेसात होते; ८४ लिटरांवर तीच शेंकडा दोनांहून कमी, आणि २०० लिटरांवर एकाहूनहि कमी. म्हणून एका टाकीवरून कधींहि निकाल देऊं नये. निदान चार-पांच टाक्यांची बेरीज घ्यावी.

करावयाची रीत.— आरंभीं टाकी पूर्ण भरून मीटरवरील किलोमीटरचा आंकडा लिहावा. हें पहिलें डिझेल हिशेबांत धरूं नये. तें मागल्या प्रवासाचें आहे. पुढें जितकें डिझेल घालाल तितकें दिनांकासह टिपावें. मध्यें टाकी पूर्ण भरलीच पाहिजे असें नाहीं. पांचशे रुपयांचें घातलें तरी चालतें, मात्र लिटर लिहावेत, नुसते रुपये नव्हेत. शेवटीं शक्य तर त्याच पंपावर, त्याच सपाट जागीं, नळी प्रथम आपोआप बंद पडेल तेथेंच थांबून टाकी भरावी. एकूण किलोमीटरांस एकूण लिटरांनीं भागावें.

सरासरीची सरासरी काढूं नये. जळगांवहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. समजा, भरलेली गाडी जातांना लिटरमागें १० पडली व रिकामी येतांना १५. पुष्कळ जण मध्य काढून साडेबारा म्हणतील. पण जातांना ९ लिटर व येतांना ६ लिटर, मिळून १५ लिटरांत १८० किलोमीटर झाले. म्हणजे खरा आंकडा १२ च आहे. भाडें ठरवितांना हा अर्धा किलोमीटर खिशांतून जातो.

माप व मीटर.— पंपाविषयीं शंका आल्यास तेथें ठेवलेलें पांच लिटरचें शिक्क्याचें माप मागून पाहावें. पांच लिटरांस २५ मिलिलिटर, म्हणजे शेंकडा अर्धा, इतकीच तफावत चालते. गाडीचा मीटरहि तपासावा. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशीं वीस-पंचवीस किलोमीटर ताडून पाहिला म्हणजे झालें. टायर झिजला कीं चाक लहान होतें, त्याच अंतरास जास्त फेरे घेतें आणि मीटर जास्त दाखवितो. ७०० मिलिमीटर व्यासाचा टायर सर्व बाजूंनीं ७ मिलिमीटर झिजला तर ही चूक शेंकडा दोन होते, व ॲव्हरेज आहे त्याहून चांगलें भासतें.

उभ्या गाडीचा खर्चहि विसरूं नये. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाशीं वाहनांच्या रांगा लागत, तेव्हां इंजिन चालू ठेवून उभें राहणाऱ्यांचें डिझेल जळे आणि किलोमीटर मात्र एकहि वाढत नसे. बाजाराच्या आवारांतहि हेंच घडतें.

ट्रॅक्टराचा हिशेब.— ट्रॅक्टरास किलोमीटर लावून उपयोग नाहीं. एकरीं लिटर काढावेत. काम सुरू करण्यापूर्वीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी. काम संपल्यावर त्याच जागीं, त्याच खुणेपर्यंत, मापाच्या डब्यानें पुन्हां भरावी. जितकें बसलें तितकें जळलें. नांगरट, वखरणी व रोटाव्हेटर यांचीं पानें निराळीं ठेवावीं. काळ्या जमिनीची खोल नांगरट व हलकी वखरणी यांची एकमेकांशीं तुलना होत नाहीं. यांत्रिक तासमापक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद चालत असतां तो घड्याळाच्या मागें पडतो, हेंहि ध्यानांत असावें.

असे आंकडे वर्षभर ठेवले म्हणजे खरा बिघाडहि लवकर ओळखूं येतो. चार टाक्यांची बेरीज सतत घसरूं लागली तर प्रथम टायरांतील हवा, हवेची जाळी, घासणारे ब्रेक व डिझेलची गळती पाहावी. माणसावर संशय सर्वांच्या शेवटीं घ्यावा. आमचा ड्रायव्हर मीं घरीं जाऊन चूक कबूल केल्यावर परत आला. आतां वहींतील नोंद तोच करतो, आणि महिनाअखेरची बेरीज आम्ही दोघे मिळून करतों.