जसे हिम, तशी स्की

तापीकाठच्या काळ्या जमिनीत ज्यांनी एक तरी पावसाळा काढला आहे, त्यांना औताचा धर्म समजावून सांगावा लागत नाही. नांगराचे काम वखराने होत नाही आणि वखराचे काम कोळप्याने होत नाही. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ह्याच जमिनीत गाडीचे अरुंद चाक आसापर्यंत रुतते. तेथून वाट काढायची तर चिखलावर रुंद फळी टाकून तीवरून जावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शेतीचा नाही. तो आहे हिमाच्छादित उतारांवरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधावयाच्या स्कीचा. तरीही औतांचा आणि फळीचा दाखला आरंभी दिला, कारण स्कीच्या निवडीचे सारे मर्म त्यात आहे.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या बऱ्हाणपुरात स्कीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घरांतून मिळते. आपली मुले-मुली आज कॅनडात, जर्मनीत, जपानात शिकतात, नोकऱ्या करतात. गुलमर्गच्या किंवा औलीच्या हिवाळी शिबिरांस जाणारी तरुण मंडळीही आपल्यांत आहेत. त्यांच्याकडून एक दिवस निरोप येतो, की स्कीची जोडी घ्यावयाची आहे. किंमत ऐकून घरची मंडळी चकित होतात आणि मग ‘घ्यायचीच तर सर्वांत चांगली घे’ असे मायेने सांगून मोकळी होतात. घोटाळा येथेच होतो. ‘सर्वांत चांगली स्की’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही. जी स्की एका उतारावर तारते तीच दुसऱ्या उतारावर गुडघे मोडू शकते.

पूर्वी अशी विविधता नव्हती. ‘स्की’ हा शब्द मूळ नॉर्वेकडचा. त्याचा जुना अर्थ चिरलेले लाकूड असा आहे. एकोणिसाव्या शतकात त्या देशाच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नोरहाइम याने मध्ये किंचित निमुळती असलेली स्की वापरून वळणे सुलभ केली. पुढे १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने टोके रुंद व कंबर बरीच बारीक अशी स्की बाजारात आणली आणि वळण घेण्याची कला सामान्य शिकाऊ माणसाच्या आवाक्यात आली. १९९८ च्या सुमारास सालोमन कंपनीची दोन्ही टोके वर वळलेली स्की लोकप्रिय झाली. २००२ मध्ये शेन मॅकॉन्की या धाडसी स्कीपटूच्या कल्पनेतून ‘स्पॅट्युला’ ही जोडी निघाली. खोल हिम हे जमिनीपेक्षा पाण्याला अधिक जवळचे आहे, हे ओळखून त्याने पाण्यावरच्या स्कीचा आकार हिमावर आणला. आजच्या फ्रीस्टाइल आणि पावडर स्की या दोन्ही जाती ह्याच काळात आकारास आल्या.

पावडर म्हणजे नुकतेच पडलेले, कोरडे, पिठासारखे भुसभुशीत हिम. त्यात माणूस का बुडतो, हे साध्या अंकगणिताने उमगते. साहित्यासह सत्तर किलो वजनाचा माणूस बुटांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर अंदाजे एकशेचाळीस ग्रॅम भार पडतो. १७० सेंटिमीटर लांब व सरासरी ९ सेंटिमीटर रुंद स्कीच्या जोडीवर तोच भार सुमारे २३ ग्रॅमवर येतो. आणि १८५ सेंटिमीटर लांब व सरासरी साडेबारा सेंटिमीटर रुंद जोडीवर तो अवघा १५ ग्रॅम उरतो. चिखलावरची फळी हेच काम करते.

म्हणून स्की निवडताना पहिली पाहावयाची ती तिच्या कंबरेची रुंदी, म्हणजे पायाखालच्या भागाचे माप. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी साधारणतः ६५ ते ८५ मिलिमीटर कंबर योग्य. कधी सपाट तर कधी मोकळ्या हिमात फिरणाऱ्यासाठी ८५ ते १००. आणि खास खोल हिमासाठी १०५ पासून १२० किंवा त्याहूनही अधिक. मग सरसकट रुंदच का घेऊ नये? कारण कठीण हिमावर स्की तिच्या पोलादी धारेवर उभी राहते. स्की जितकी रुंद, तितकी ही धार पावलाच्या मध्यापासून दूर जाते. तिला कलते करण्यास घोट्याला व गुडघ्याला अधिक जोर लावावा लागतो आणि एका धारेवरून दुसरीवर जाण्यास विलंब होतो. शिकाऊ माणसाच्या पायांत रुंद स्की देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याच्या हाती नाव देण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट बाकाची. स्की सपाट जमिनीवर ठेवली असता मध्ये किंचित उचललेली दिसली, तर त्या कमानीस कॅम्बर म्हणतात. उभे राहताच कमान दबते, धार सबंध लांबीभर हिमाला भिडते आणि पकड मिळते. याउलट झुलत्या खुर्चीच्या पायाप्रमाणे टोके लवकर वर उचललेली असतील, तर त्यास रॉकर म्हणतात. रॉकरमुळे टोक हिमात न खुपसता वर येते व वळण सुलभ होते. पण कठीण हिमावर धारेचा थोडाच भाग टेकतो. म्हणून पावडर स्कीला रॉकर भरपूर, सपाट उताराच्या स्कीला कमान अधिक आणि मधल्या जातींत दोहोंची तडजोड असते. रॉकर असलेली स्की हाताळताना आखूड भासते. म्हणून खोल हिमासाठी ती डोक्याइतकी किंवा थोडी अधिक लांब घेतात, तर शिकाऊ माणसास हनुवटी ते नाक एवढी लांबी पुरते.

फ्रीस्टाइलचा मार्ग निराळा. येथे हिमाच्या खोलीपेक्षा उड्यांचे, गिरक्यांचे व कसरतींचे महत्त्व. ऑलिंपिकमध्ये टेकाडांवरील ‘मोगल्स’ला १९९२ मध्ये, हवेतील कसरतींना १९९४ मध्ये, स्की-क्रॉसला २०१० मध्ये, हाफपाइप व स्लोपस्टाइलला २०१४ मध्ये आणि बिग एअरला २०२२ मध्ये पदकाचा मान मिळाला. स्लोपस्टाइलसारख्या प्रकारांत खेळाडू पाठमोरा उडी घेतो, पाठमोरा उतरतो. म्हणून त्याच्या स्कीची दोन्ही टोके वर वळलेली असतात आणि पायबंद मध्याच्या जवळ बसवतात. कंबर बहुधा ८० ते ९५ मिलिमीटर. लोखंडी कठड्यांवरून घसरणाऱ्यास मऊ, लवचिक स्की रुचते. मोठ्या उड्या घेणाऱ्यास उतरताना न लवणारी, ताठ स्की हवी. मोगल्सची स्की मात्र अरुंद असते, कारण तेथे एका टेकाडावरून दुसऱ्यावर विजेच्या वेगाने वळावे लागते. म्हणजे ‘फ्रीस्टाइल’ ह्या एकाच नावाखालीही एकच स्की सर्वांस चालत नाही.

आता आपल्या देशातील उतारांकडे वळू. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा प्रवाशास अफरवत पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. एकाच गावात स्कीच्या दोन्ही टोकांची गरज येथे दिसते. खाली शिकाऊंचे मऊ, सौम्य उतार. तेथे अरुंद, आखूड, लवचिक स्की हवी. वर अफरवतच्या अंगावर झाडे नसलेले, न तुडवलेल्या हिमाचे विस्तीर्ण उतार. तेथे रुंद पावडर स्की घेऊन जगभरचे निष्णात लोक येतात. गढवालातील औली अडीच ते तीन हजार मीटरच्या दरम्यान, ओक व देवदारांच्या सान्निध्यात आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतील स्कीच्या स्पर्धा तेथे झाल्या. शिकणाऱ्यास तेथेही साधी, मध्यम कंबरेची स्कीच उपयोगी.

गुलमर्गजवळच वाढलेले आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. जायंट स्लालम शर्यतीत ते पंचेचाळिसावे आले. पावडरसाठी जगभर नावाजलेल्या गावाचा हा खेळाडू शर्यतीला उभा राहिला तो मात्र कठीण, घट्ट उताराच्या अरुंद स्कीवर.

पालकांसाठी आमचे सांगणे असे. पहिल्या एकदोन हंगामांत स्की विकत घेऊच नये; ती भाड्याने मिळते. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी शिक्षण घेताना आपल्याला सपाट उतार आवडतो, उड्या आवडतात की मोकळे हिम, हे कळू द्यावे. पैसे खर्चायचेच असतील तर प्रथम बुटांवर खर्चावेत. पायाला नीट बसणारा बूट नसेल तर उत्तम स्कीही हुकूम मानत नाही. बूट व स्की यांना जोडणारा पायबंद पडताना वेळेवर सुटला पाहिजे. त्याचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी पाहून जाणकाराकडूनच लावून घ्यावा. मित्राच्या जोडीवरचा आकडा उचलू नये.

आणि शेवटचा मुद्दा, जो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुंद स्की माणसाला खोल हिमावर तरंगवते. पण डोंगरावरून सुटलेल्या हिमापासून ती त्याला वाचवीत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू प्राणास मुकले. मोकळ्या उतारावर जाणाऱ्याजवळ संकेत देणारे यंत्र, शोधकाठी व फावडे असावे, ती वापरण्याचा सराव असावा, सोबत स्थानिक वाटाड्या असावा आणि त्या दिवशीची धोक्याची सूचना वाचलेली असावी. ज्या मुलास पावडर स्कीसाठी पैसे पाठवावयाचे, त्याला घरच्या मंडळींनी हे चारही प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर पैसे थोडे थांबवून त्यातून आधी शिक्षण घडवावे. हिमावर पुढच्या वर्षीही जाता येते.