बालकांचा पांडुरोग आणि श्वास : लोहकल्प देण्यापूर्वी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सोळावा अध्याय पांडुरोगाचा, सतरावा हिक्काश्वासाचा आणि अठरावा कासाचा आहे. हा क्रम निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. कारण हिक्काश्वासाच्या हेतूंमध्ये आचार्यांनी पांडुरोगाची स्पष्ट गणना केली आहे. रक्तधातू क्षीण झालेल्या बालकाचे व्याधिक्षमत्व उणावते व त्याचा पहिला आघात प्राणवह स्रोतसावर होतो, हा अनुभव चामोर्शीसारख्या वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांस नवा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. कोची येथील एका रुग्णालयीन अभ्यासात (२००६) रक्ताल्पता असलेल्या बालकांत फुप्फुसांच्या संसर्गाचा धोका सुमारे पावणेसहापट दिसला. हा आकडा मात्र जपून वापरावा. संसर्गानेही हिमोग्लोबिन घटते. त्यामुळे कारण कोणते व कार्य कोणते, हे अशा अभ्यासातून पूर्णतः ठरत नाही. जंतूंचा नाश करणाऱ्या श्वेतपेशींच्या कार्यास लोह लागते, हे मात्र निश्चित आहे.

बालकांच्या न्यूमोनियाविषयीचे एक महत्त्वाचे कार्य याच जिल्ह्यात झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ५८ गावांत आरोग्यसेवक व सुईणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. या यशाचे मूळ एका साध्या क्रियेत होते, ती म्हणजे श्वास मोजणे. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटास ६० वा अधिक, २ ते ११ महिन्यांत ५० वा अधिक आणि १ ते ५ वर्षांत ४० वा अधिक श्वास असल्यास तो जलद समजावा. बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. नाडीपरीक्षेइतकेच महत्त्व आपण या गणनेस दिले पाहिजे.

येथे एक पेच उद्भवतो. तीव्र पांडुतेत न्यूमोनिया नसतानाही श्वास जलद होतो, कारण अल्प रक्ताकडून पुरेसा प्राणवायू वाहून नेला जात नाही. म्हणून तळहात पांढुरके व श्वास जलद अशा बालकास केवळ कासहर चाटणावर ठेवणे धोक्याचे आहे, आणि केवळ लोहकल्पावर ठेवणेही तितकेच. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बालक स्तनपान करीत नसेल वा सुस्त पडले असेल, तर औषधयोजनेचा विचार करीत न बसता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आता लोहकल्पाविषयी. आपल्या भागातील प्रत्येक पांडुता लोहाच्या अभावाने होत नाही. विदर्भात सिकलसेल व्याधी आहे, आणि गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा प्रमुख जिल्हा आहे. सिकलसेलच्या बालकास लोहाचा अभाव सिद्ध झाल्यावाचून नवायस लोह वा पुनर्नवा मंडूर देऊ नये. अशा बालकाची छाती दुखून श्वास लागला, तर त्यास साधा कास समजणे प्राणघातक ठरू शकते. हिवतापाबाबत झांजिबारमधील पेंबा बेटावरील प्रयोग (२००६) बोलका आहे. तेथे सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिलेल्या बालकांत मृत्यू वा रुग्णालयात दाखल होण्याचा धोका १२ टक्क्यांनी वाढला. मात्र ज्यांच्यात लोहाचा अभाव व रक्ताल्पता खरोखर होती, त्यांना लाभ झाला. तेव्हा ज्वर असलेल्या बालकाची हिवतापासाठी रक्ततपासणी प्रथम, लोह नंतर.

सामावस्थेत, अग्नी मंद असताना लोहकल्प देऊ नयेत, ही आपली परंपरा येथे सार्थ ठरते. संसर्गकाळात यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते आतड्यातून लोहाचे शोषण रोखते. दिलेले लोह अंगी लागतच नाही. ज्वर व कास शमल्यावर, अग्नी प्रदीप्त झाल्यावर लोह सुरू करावे. त्यापूर्वी मातेस एक प्रश्न अवश्य विचारावा : अंगणवाडी वा आशाताईंकडून लोहाचे सिरप मिळते काय? ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या बालकास आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप देतात व त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. ते चालू असताना त्यावर आपला लोहकल्प चढवू नये.

माती खाणाऱ्या बालकाकडे विशेष लक्ष द्यावे. मृद्भक्षणजन्य पांडू चरकाचार्यांनी स्वतंत्र प्रकार म्हणून सांगितला आहे. अशा बालकात कृमींची चिकित्सा केल्याशिवाय लोहाचा लाभ टिकत नाही. आहारात सहा महिन्यांनंतर नुसत्या भाताची पेज पुरेशी नाही. वरण, पालेभाजी, चालत असल्यास अंडे किंवा मासळी द्यावी. आपल्या जंगलातला आवळा लोहाचे शोषण वाढवितो. धात्री लोहात आवळ्याची योजना आहे, ती उगीच नव्हे. चहा मात्र शोषण घटवितो, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलास बशीभर चहा पाजण्याची रीत आपल्या गावांत सर्रास आहे. औषधाचा कागद लिहिण्याआधी ती बशी बंद करावयास सांगावी.