सरासरी आणि एक दुपार

आज आपण विषय घेतला आहे हवामानाचा, पण आपला प्रश्न तत्त्वज्ञानातला आहे: ‘सरासरी’ आपल्याला नेमकं काय सांगते? उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लिन काउंटीचं. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथलं मोठं शहर सीडर रॅपिड्स.

आता नकाशा बघा. हे शहर जवळजवळ रोमच्याच अक्षांशावर आहे. पण रोमला जानेवारीचं सरासरी तापमान ७-८ अंश, तर इथे उणे ७ च्या आसपास; आणि जुलैत मात्र २३. असं का? एक तर समुद्र लांब. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. जमिनीला तेवढा धीर नसतो. दुसरं म्हणजे उत्तरेकडून कॅनडाची थंड, कोरडी हवा येते, दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा येते, आणि त्यांना अडवणारी आडवी डोंगररांग मध्ये कुठेच नाही. या दोन हवा मैदानावर भेटतात. मक्याला लागणारा पाऊस त्यातूनच येतो आणि वादळंही त्यातूनच.

ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये हवामानाचंच उदाहरण दिलं आहे. ऐन उन्हाळ्यात उकाडा झाला, तर ते ‘बहुतांशी’ घडणारं. थंडी पडली, तर तो योगायोग. आणि योगायोगाचं शास्त्र होत नाही, असं तो म्हणतो.

मग १० ऑगस्ट २०२० च्या दुपारचं काय करायचं? त्या दिवशी या काउंटीवरून वादळ गेलं. वाऱ्याचा वेग काही ठिकाणी ताशी २२५ किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. शहराचं निम्म्याहून अधिक वृक्षछत्र गेलं, कित्येक घरांत आठवडाभर वीज नव्हती. ऑगस्टच्या सरासरी तापमानाच्या तक्त्यात मात्र ही दुपार दिसतच नाही.

गंमत अशी, की अशा वादळाला नाव आधीपासून होतं: ‘डेरेचो’, स्पॅनिशमध्ये ‘सरळ’. चक्री नव्हे, सरळ धावणाऱ्या वाऱ्यांचं वादळ. हा शब्द १८८८ मध्ये आयोवातलेच प्राध्यापक गुस्टाव्हस हिन्रिक्स यांनी वापरात आणला. म्हणजे दुर्मीळ असणं वेगळं आणि अकारण असणं वेगळं. इथे आपल्याला ॲरिस्टॉटलपासून थोडं बाजूला व्हावं लागतं.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. तिथल्या लोकांना पुन्हा झाडं लावायची आहेत. हाताशी तक्ता आहे तो १९९१ ते २०२० या ३० वर्षांचा, म्हणजे मागचा. ओक लावला, तर तो शंभर वर्षं पुढे जाणार. सरासरी फेकून द्यायची का? नाही, थंडीत कुठलं झाड तगेल हे तीच सांगते. पण तेवढ्यावर विसंबून एकाच जातीची रांग लावणंही शहाणपणाचं नाही. जाती मिसळून लावाव्यात, म्हणजे एका तडाख्यात सगळं जाणार नाही.

तेव्हा ‘इथलं हवामान कसं असतं?’ एवढं विचारून आपण थांबू नये. ‘ते तसं नसलं, तर काय उरेल?’ हेही लगेच विचारावं.