उलट्या फेऱ्याचं गणित

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी सुरू झाली. उतारावरून सुसाट यायची, जेमतेम साडेसात मीटर व्यासाच्या गोल फेऱ्यात शिरायची आणि बसलेल्यांना उलटं करून पुन्हा सरळ बाहेर काढायची. बघायला गर्दी लोटायची. बसणारे मात्र मान धरून उतरायचे. काही वर्षांतच ती बंद पडली. १९०१ साली तिथंच ‘लूप द लूप’ आली. तिचा फेरा लंबगोल केला होता, त्यामुळे त्रास कमी झाला. पण एका खेपेला चारच माणसं बसत, तेव्हा त्यात पैसा सुटेना. पुढची कित्येक दशकं रोलर कोस्टर बांधणाऱ्यांनी माणसाला उलटं करायचा नाद जवळजवळ सोडूनच दिला.

‘फ्लिप फ्लॅप’चा खरा दोष तिच्या आकारात होता. फेऱ्यात वर चढताना गाडीचा वेग उतरत जातो. समजा फेरा अगदी वर्तुळाकार आहे आणि माथा कसाबसा ओलांडता येईल एवढाच वेग गाडीला आहे. माथ्यावर प्रवाशाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. तळाशी मात्र अंगावर वजनाच्या सहापट भार येईल. वर्तुळ लहान घ्या की मोठं, त्रिज्या गणितातून गळून पडते आणि सहाचे सहाच उरतात. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं असतं. तेवढा वेळ ते मानेला पंचवीस-तीस किलोंचं होतं. शिवाय हा भार हळूहळू वाढत नाही. सपाट रुळावर एकपट असतो आणि वर्तुळ सुरू होताच सहापट होतो. मानेच्या स्नायूंना सावरायला सवडच मिळत नाही.

यावरचा उपाय कागदावर जुनाच होता, पण तो रुळांवर उतरवायला पोलाद लागलं. लाकडी रोलर कोस्टरचे रूळ म्हणजे फळ्यांच्या थरांवर ठोकलेली पोलादी पट्टी. ती डोंगर-दऱ्यांसारखी वरखाली नेता येते, पण हवी तशी पिळता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘अ‍ॅरो डेव्हलपमेंट’ कंपनीनं १९५९ साली डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स’ बांधताना पहिल्यांदा पोलादी नळीचे रूळ वापरले. नळी कुठल्याही दिशेला वाकते आणि वाकवलेला आकार धरून ठेवते. याच कंपनीनं १९७५ साली ‘नॉट्स बेरी फार्म’ या उद्यानात ‘कॉर्कस्क्रू’ उभी केली आणि प्रवासी मळसूत्राच्या आट्यांतून दोनदा उलटे होऊन सुखरूप उतरले.

पण उभा फेरा अजून बाकी होता. तो जमवला दोन जर्मन माणसांनी. अँटोन श्वार्झकोफ यांचा बव्हेरियातल्या म्युन्स्टरहाउझेन गावात कारखाना होता आणि म्युनिकचे अभियंता वेर्नर श्टेंगेल त्यांचं गणित सांभाळत. या जोडीची ‘रिव्होल्यूशन’ ८ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या ‘मॅजिक माउंटन’ उद्यानात सुरू झाली. उंची ३४ मीटर, वेग ताशी ८८ किलोमीटर आणि मधोमध सुमारे २७ मीटर उंचीचा एकच फेरा. आज या आकड्यांचं कुणाला अप्रूप वाटणार नाही. तरी तिच्याइतकी महत्त्वाची गाडी मला दुसरी दिसत नाही, आणि त्याचं कारण आहे त्या फेऱ्याचा आकार.

तो आकार वर्तुळ नाही. थेंब उलटा धरावा तसा आहे: खाली पसरट, वर आखूड. आपणच हिशेब करून पाहू. ताशी ८८ किलोमीटर वेगानं गाडी २७ मीटर उंच वर्तुळात शिरली असं धरलं, तर तळाशी वजनाच्या साडेपाचपट भार येतो. माथ्यावर पोचेपर्यंत वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास उतरतो; तेवढ्या वेगाला साडेतेरा मीटरची त्रिज्या फार मोठी पडते आणि प्रवासी पट्ट्याला लोंबकळतात. आता तळाची त्रिज्या २५ मीटर आणि माथ्याची ६ मीटर करा. तळाचा भार साडेतीनपटीच्या आत येतो आणि माथ्यावर, डोकं खाली असतानाही, माणूस आसनावर हलकासा दाबलेला राहतो. त्याच उंचीत, त्याच वेगात, केवळ रेषा बदलून शरीराचे हाल थांबतात.

मोठ्या त्रिज्येतून लहान त्रिज्येत धक्का न देता नेणारी वक्ररेषा म्हणजे क्लोथॉइड. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं तिचा अभ्यास केला होता. सारख्या वेगानं गाडी चालवताना स्टिअरिंग सावकाश, एकाच गतीनं फिरवत राहिलं तर चाकं रस्त्यावर हीच रेषा काढतात. रेल्वेमार्ग आणि महामार्गांची वळणं याच तत्त्वावर आखली जातात. श्टेंगेल यांनी ते वळण उभं केलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट रुजवली. गाडी कलते तेव्हा ती रुळाभोवती नव्हे, प्रवाशाच्या छातीभोवती फिरावी. असं केलं की रूळ एका बाजूला भलताच झुकलेला दिसतो, पण डोकं आणि खांदे इकडून तिकडे भिरकावले जात नाहीत.

गाडी रुळावर राहते ती चाकांच्या तीन जोड्यांमुळे. वजन पेलणारी चाकं वरून, दिशा धरणारी बाजूनं आणि उचल रोखणारी खालून, अशी ती नळीला तिन्ही बाजूंनी कवटाळतात. हल्ली त्यांच्यावर पॉलियुरेथेनचं आवरण असतं. पहिल्या चढानंतर बहुतेक गाड्यांना इंजिन नसतंच. साखळीनं वर नेलं की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं. म्हणून आराखडा काढणाऱ्याला घर्षण आणि वाऱ्याचा विरोध आधीच मोजावा लागतो. ३४ मीटर खाली आल्यावर कागदावर ताशी ९३ किलोमीटर वेग निघतो. ‘रिव्होल्यूशन’चा नोंदलेला वेग ८८ आहे.

आपल्याकडे खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’त २०१३ पासून धावणारी ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या ‘बोलिगर अँड माबियार’ कंपनीची. तिच्या आसनांखाली तळ नाही, पाय हवेत लोंबकळतात आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. तिचा उभा फेरा नीट न्याहाळला तर तोच थेंब दिसतो.

‘रिव्होल्यूशन’ सुरू झाली तेव्हा प्रवाशाला धरायला फक्त मांडीवरचा दांडा होता. माथ्यावर भार आसनाच्या दिशेनं असल्यानं तेवढा पुरत होता. पुढे तिच्यावर खांद्यांवरून येणारे जाड कठडे बसवले गेले आणि लोक कान-गाल आपटल्याच्या तक्रारी करू लागले. २०१६ साली गाडीला नवे डबे मिळाले, तेव्हा ते कठडे काढून पुन्हा मांडीवरचा दांडा आणला. रूळ आणि फेरा मात्र १९७६ सालचाच ठेवला.