नियम पाण्याच्या काठावर थांबला: शिशाचे छर्रे आणि अमेरिकेतली सरकारी रानं

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत होल्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पाठोपाठ लावे, ग्राउज, फेझंट. यातली बरीच शिकार सरकारी जमिनींवर चालते. परवाना काढायचा, नियम पाळायचे आणि बंदूक घेऊन जायचं. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हंगाम ही गोष्टच उरली नाही, म्हणून थोडं आधी सांगायला हवं. पक्ष्यांवर एकच गोळी झाडत नाहीत, छऱ्यांचं काडतूस वापरतात. 28 ग्रॅमच्या एका काडतुसात आठ नंबरचे सुमारे 400 छर्रे मावतात. पक्षी पडला तरी त्याला त्यातले मोजकेच लागलेले असतात. उरलेले जमिनीवर पडतात, आणि परंपरेने ते शिशाचे असतात. त्यांच्याविषयीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज 1: शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकेत 1991 मध्येच बंदी आली.

वस्तुस्थिती: ती बंदी पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरती आहे. बदकं शिशाने मरतात हे 1894 पासून छापून येत होतं. 1919 मध्ये अलेक्झांडर वेटमोर यांनी युटामधल्या पाणथळ जागांचा अभ्यास करून त्यावर सरकारी पुस्तिका लिहिली. 1959 मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की दरवर्षी 2 ते 3 टक्के पाणपक्षी शिशामुळे दगावतात. तरीही देशभर नियम लागू व्हायला 1991चा हंगाम उजाडला. कोरड्या रानातले होले, लावे, फेझंट त्या नियमाबाहेरच राहिले. त्यांच्याबाबत राज्यागणिक वेगळा कारभार आहे. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं. साउथ डकोटाने बहुतेक सार्वजनिक जमिनींवर छोट्या शिकारीसाठी बिनविषारी छर्रे सक्तीचे केले. पुष्कळ राज्यांत मात्र शिशाला आडकाठी नाही.

गैरसमज 2: एवढ्या मोठ्या रानात मूठभर छर्रे विखुरले तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: होल्यांची शिकार रानभर विखुरलेली नसते. वन्यजीव खातंच सूर्यफुलासारखं पीक घेऊन त्यासाठी शेतं राखतं. होले दाण्यांवर उतरतात आणि शिकारी त्याच तुकड्याभोवती उभे राहतात. मिसुरीमधल्या जेम्स ए. रीड वन्यजीव क्षेत्रात 1998 मध्ये संशोधकांनी झाडलेल्या बारांचा हिशेब ठेवला. 728 शिकाऱ्यांनी मिळून हेक्टरी सुमारे 10 लाख 86 हजार शिशाचे छर्रे सांडले होते, म्हणजे चौरस मीटरला शंभराहून जास्त. गंमत अशी, की मातीचे नमुने तपासल्यावर त्यातले हेक्टरी अवघे 6 हजारांच्या आसपास सापडले. म्हणजे माती चाळून छर्रे मिळाले नाहीत, एवढ्यावरून शेत स्वच्छ ठरत नाही.

गैरसमज 3: ज्याला बार लागतो तोच पक्षी मरतो. जमिनीवरचं शिसं निरुपद्रवी असतं.

वस्तुस्थिती: पक्ष्यांना दात नसतात. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या पेषणीत साठवतात. छर्रा कधी खडा म्हणून गिळला जातो, कधी दाणा म्हणून. पेषणीत तो खड्यांवर घासला जातो, पोटातलं आम्ल त्याला विरघळवतं आणि शिसं रक्तात उतरतं. मग पचनमार्ग लुळा पडतो, विष्ठा हिरवी होते, पंख लोंबतात आणि पोटात अन्न असूनही पक्षी उपासमारीने खंगतो. बदकाला मारायला एखादा छर्राही पुरू शकतो. छर्रे मातीत विरतील म्हणून थांबायचं म्हटलं, तर डेन्मार्कमधल्या 1987च्या अभ्यासाचा अंदाज 100 ते 300 वर्षांचा आहे. विरलेलं शिसंही नाहीसं होत नाही, फक्त मातीत मिसळतं.

गैरसमज 4: विषबाधा एवढी असती तर मेलेल्या पक्ष्यांचा खच दिसला असता.

वस्तुस्थिती: शिशाने पक्षी एका दिवशी एका जागी मरत नाहीत. आजारी पक्षी झुडपात दडतो, आणि कोल्हा किंवा ससाणा त्याला आधीच गाठतो. मिसुरीच्या त्याच अभ्यासात एक चक्रावणारी गोष्ट आढळली. ज्या शेतावर बिनविषारी छर्रेच चालत, तिथल्या 310 होल्यांपैकी 15 जणांच्या पोटात छर्रे निघाले, काहींच्या पोटात सात-सात. शिशाच्या शेतावर 574 पैकी फक्त दोघांच्या पोटात निघाले. वरवर पाहता शिशाचं शेत जास्त सुरक्षित वाटतं. संशोधकांनी उलटी शक्यता मांडली: शिसं गिळलेले होले बंदुकीसमोर येईपर्यंत जगतच नसावेत. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने या शंकेला बळ दिलं. शिशाचे छर्रे दिलेल्या 157 होल्यांपैकी 104 तीन आठवड्यांच्या आत मेले. छर्रे न दिलेले सगळे जगले.

पुढचा फेरा शिकारी पक्ष्यांचा. 38 राज्यांतल्या 1,210 गरुडांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकालीन शिसेबाधेच्या खुणा होत्या. यात रायफलीने मारलेल्या हरणांच्या अवशेषांचा वाटा मोठा आहे, सगळा दोष छऱ्यांचा नाही. पण वाट तीच आहे, मृत देहातून खाणाऱ्याच्या पोटात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आपल्या गिधाडांना याच वाटेने गाठलं होतं.

गैरसमज 5: ताटातला छर्रा वेचून टाकला की मांस निर्धोक.

वस्तुस्थिती: शिसं मऊ असतं. हाडावर आपटताना त्याचे कण सुटतात, आणि ते दिसतही नाहीत, दाताखाली येतही नाहीत. ब्रिटनमध्ये शिकारीच्या पक्ष्यांची क्ष-किरण तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2010 मध्ये आले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पक्ष्यांत असे तुकडे दिसले. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित मानावी अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. शिकाऱ्याच्या घरात हे मांस सर्वांत जास्त खाल्लं जातं, त्यामुळे पहिला धोकाही त्याच्याच मुलांना.

गैरसमज 6: पोलादी छऱ्यांनी पक्षी मरत नाहीत, नुसते जखमी होतात.

वस्तुस्थिती: पोलाद शिशापेक्षा हलकं असतं हे खरं. म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो. टेक्सासमध्ये होल्यांवर झालेल्या चाचणीत शिकाऱ्यांना आपण काय झाडतोय हे माहीत नव्हतं, नोंद घेणाऱ्यांनाही नव्हतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मिळालेले, जखमी झालेले आणि हुकलेले पक्षी या तिन्हींत शिसं आणि पोलाद यांत फरक आढळला नाही. काही जुन्या बंदुकांच्या नळ्यांना पोलाद चालत नाही. त्यांना बिस्मथचा पर्याय आहे, पण तो महाग पडतो आणि ही तक्रार रास्त आहे.

गैरसमज 7: शिसेबंदी हे शिकारबंदीचं पहिलं पाऊल आहे.

वस्तुस्थिती: डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छर्रे सर्वत्र बंद केले, शिकार आजही चालू आहे. अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांचा अनुभवही असाच. मिसिसिपी खोऱ्यातल्या मॅलार्ड बदकांचे शिसेबाधेने होणारे मृत्यू 64 टक्क्यांनी घटले, आणि 1997च्या एका हंगामात उत्तर अमेरिकेतली सुमारे 14 लाख बदकं वाचली, असा अंदाज संशोधकांनी मांडला. ही बदकं शिकाऱ्यांच्याही हिशेबातली आहेत. 1937च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या करातूनच तिथलं वन्यजीव संवर्धन बरंचसं चालतं.

राजकारण मात्र या आकड्यांवर चालत नाही. ओबामा सरकारच्या अखेरच्या दिवसांत, 19 जानेवारी 2017 रोजी, केंद्राच्या वन्यजीव आश्रयस्थानांवरून शिसं टप्प्याटप्प्याने हटवण्याचा आदेश निघाला. अंतर्गत व्यवहार खात्याच्या नव्या मंत्र्यांनी 2 मार्चला तो रद्द केला. पण होल्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या शेतांबाबत वॉशिंग्टनची वाट पाहायचं कारण नाही. तिथे पेरणी सरकारी खातं करतं, शिकारीचे दिवस तेच ठरवतं. काडतूस कोणतं चालेल हेही राज्याला ठरवता येतं. छऱ्यांचा मारा जिथे सर्वांत दाट, तिथूनच सुरुवात केली तर थोड्या जमिनीवरच्या नियमाने पुष्कळ शिसं थांबेल.